जामठ्याचा हेडमास्तर

नागपूरच्या मेट्रोत बसून वर्धा रोडने दक्षिणेकडे निघालात, की विमानतळ मागे पडतो आणि खापरी येतं. इथून पुढे सगळी मिहानची दुनिया! विमानांच्या दुरुस्तीचे भले मोठे शेड, काचेच्या इमारतींतल्या कंपन्या, एम्सचं हॉस्पिटल, दहेगावला आयआयएम. काही वर्षांपूर्वी इथे नुसती शेतं होती असं सांगितलं तर आजच्या मुलांना खरंही वाटत नाही. याच रस्त्याने आणखी थोडं पुढे गेलं की जामठा गाव लागतं. आणि जामठा म्हटलं की विदर्भातल्या पोट्ट्यांना एकच गोष्ट आठवते. क्रिकेटचं स्टेडियम!

विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं, म्हणजे आपल्या व्हीसीएचं हे स्टेडियम. सुमारे पंचेचाळीस हजार माणसं बसतात. २००८ सालच्या नोव्हेंबरात भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी इथे झाली, ती सौरव गांगुलीची शेवटची कसोटी. पण आज आपण त्या सामन्याबद्दल बोलणार नाही. गांगुलीबद्दलही नाही. आपण बोलणार आहोत एका नोकरीबद्दल.

टीममध्ये कोण असावं यावर आपण किती भांडतो! याला घ्या, त्याला काढा, हा फॉर्मात नाही, तो डावखुरा आहे. शाळेच्या डब्याच्या सुट्टीत तर निवड समित्याच भरतात. पण त्या टीमला शिकवणारा माणूस, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, साध्या भाषेत कोच, त्याला कोण निवडतं? कसं निवडतं? तो चांगला आहे हे आधी कळतं कसं? खेळाडूचं बरं असतं. त्याने किती धावा केल्या ते वहीत लिहिलेलं असतं. कोचच्या नावापुढे धावा नसतात, विकेट नसतात. शाळेत हेडमास्तर कोण येणार यावर जसं सगळ्या शाळेचं पुढचं ठरतं, तसंच हेही. आणि दोन्हीकडे मुलांना कुणी विचारत नाही!

चला, जामठ्याचीच गोष्ट बघू.

विदर्भाचा संघ रणजी करंडकात पहिल्यांदा उतरला तो १९५७-५८ च्या मोसमात. त्यानंतर साठ वर्षं गेली. साठ! आजोबा खेळायचे, बाबा बघायचे, नातू रेडिओ सोडून मोबाइलवर स्कोअर बघायला लागला, पण विदर्भ काही अंतिम फेरीत पोचला नाही. मुंबई, दिल्ली, कर्नाटक हे मोठ्या घरचे संघ. विदर्भाची गणना दुबळ्यांत व्हायची. असं असलं तरी व्हीसीए हातावर हात ठेवून बसलेली नव्हती. जामठ्याचं मैदान झालं होतं, मुलांसाठी निवासी अकादमी सुरू केली होती. गोलंदाजांना शिकवायला सुब्रतो बॅनर्जी होते. २०१५ सालापासून मुंबईचा वसीम जाफर विदर्भाकडून खेळायला आला होता. फैज फजल होता, उमेश यादव होता.

मग कमी काय होतं?

कोच शोधताना पहिला प्रश्न हाच असतो बरं का. ‘सगळ्यात भारी कोच कोण’ हा प्रश्न नंतरचा. आधी ‘आपल्याकडे काय नाही’ हे बघायचं. एखाद्या संघाकडे चांगले गोलंदाजच नसतील तर गोलंदाजी घडवणारा माणूस हवा. एखाद्या संघात सगळी नवी पोरं असतील तर धीराने शिकवणारा हवा. विदर्भाकडे मैदान होतं, खेळाडू होते, पण माझ्या मते एक सवय नव्हती. जिंकण्याची. मोठ्या संघासमोर उभं राहिलं की खांदे आपोआप पडायचे.

आता जरा मुंबईला जाऊ. तिथे चंद्रकांत पंडित नावाचे कोच होते. आपल्या वाचकांपैकी काहींच्या बाबांना हे नाव यष्टिरक्षक म्हणून आठवत असेल. भारताकडून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळलेले. दादरच्या रमाकांत आचरेकर सरांच्या तालमीत तयार झालेले. त्यांनी कोच म्हणून मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ असे तीनदा रणजी करंडक जिंकून दिले. २०१६-१७ मध्ये मुंबई पुन्हा अंतिम फेरीत गेली आणि गुजरातकडून हरली. पुढच्या मोसमासाठी मुंबईने समीर दिघे यांना कोच नेमलं. म्हणजे पंडित मोकळे झाले.

आणि २०१७ साली व्हीसीएने त्यांना नागपूरला आणलं.

इथे थोडं थांबून विचार करा. एका घरी नको झालेला माणूस दुसऱ्या घरी हवा का? व्हीसीएने अंतिम सामन्यातला पराभव मोजला असता तर नाव कधीच खोडलं असतं. त्यांनी दुसरी बाजू मोजली. हा माणूस संघाला अंतिम फेरीपर्यंत पुन्हा पुन्हा नेतो. शिवाय पंडितांचं नाव एका गोष्टीसाठी सगळीकडे झालेलं होतं, ती म्हणजे शिस्त. वेळ म्हणजे वेळ. सराव म्हणजे सराव. तिथे मोठा खेळाडू, छोटा खेळाडू असा भेद नाही. असा माणूस आणणं यात धोकाही असतो. कडक हेडमास्तर आले की काही मुलं सरळ होतात आणि काही मुलं शाळाच सोडतात. आणि ‘बाहेरचा माणूस कशाला, आपल्याकडे काय कोच नाहीत?’ हा प्रश्न तर आपल्याकडे प्रत्येक गावात ठरलेलाच.

पुढे काय झालं ते ऐका.

डिसेंबर २०१७. कोलकात्याचं ईडन गार्डन. उपांत्य सामना, समोर बलाढ्य कर्नाटक. पहिल्या डावात विदर्भ १८५ वर गारद. कर्नाटकने ३०१ केले, म्हणजे तब्बल ११६ धावांची पिछाडी. जुना विदर्भ असता तर सामान बांधायला लागला असता. पण दुसऱ्या डावात ३१३ धावा झाल्या आणि कर्नाटकला जिंकायला १९८ हव्या होत्या. शेवटच्या दिवशी सकाळी कर्नाटकला ८७ धावा हव्यात आणि तीन विकेट शिल्लक. धावा हळूहळू कमी होत गेल्या. पन्नास... तीस... दहा... आणि रजनीश गुरबानीने शेवटचा गडी बाद केला तेव्हा विदर्भ फक्त ५ धावांनी जिंकला होता! त्या डावात गुरबानीने ७ बळी घेतले. (पालकांसाठी एक माहिती: हा पोरगा सिव्हिल इंजिनीअर आहे. तेव्हा ‘खेळ की अभ्यास’ हे भांडण आज घरात काढू नका.)

मग इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीविरुद्ध अंतिम सामना. गुरबानीने हॅटट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा तो फक्त दुसरा गोलंदाज. दिल्ली २९५. विदर्भाने ५४७ धावांचा डोंगर उभा केला, त्यात अक्षय वाडकरच्या १३३. नंतर दिल्ली २८० वर संपली आणि विदर्भाला उरल्या फक्त २९ धावा. १ जानेवारी २०१८, नव्या वर्षाचा पहिला दिवस, आणि विदर्भ ९ गडी राखून रणजी विजेता! फैज फजलच्या हातात करंडक होता. साठ वर्षांची वाट पहिल्याच मोसमात संपवून पंडित सर बाजूला उभे होते.

दुसऱ्या वर्षी लोक म्हणाले, नशीब होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये जामठ्यालाच अंतिम सामना झाला, समोर सौराष्ट्र. त्यांच्याकडे चेतेश्वर पुजारा. आदित्य सरवटेने पुजाराला दोन्ही डावांत झटपट घरी पाठवलं, सामन्यात ११ बळी घेतले आणि विदर्भ ७८ धावांनी जिंकला. लागोपाठ दुसरा करंडक! वसीम जाफरने त्या मोसमात हजाराहून जास्त धावा केल्या. दोन्ही वर्षी इराणी करंडकही विदर्भाकडेच आला.

पुढे २०२० साली पंडित मध्य प्रदेशात गेले. तिथली गोष्ट तर सिनेमासारखी आहे. ते खेळाडू होते तेव्हा, १९९८-९९ च्या मोसमात, याच मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर अंतिम सामना खेळले होते. पहिल्या डावात आघाडी घेऊनही हरले होते. २०२२ च्या जूनमध्ये त्याच मैदानावर, २३ वर्षांनी, त्यांच्या हाताखालच्या मध्य प्रदेशने करंडक जिंकला. आणि हरवलं कुणाला? मुंबईला!

बरं, मग विदर्भाचं काय झालं? पुन्हा बाहेरून कुणी मोठं नाव आणलं का? इथे मला व्हीसीएचं खरं कौतुक वाटतं. २०२३-२४ मध्ये संघाचे मुख्य प्रशिक्षक होते उस्मान घनी, विदर्भाचेच माजी खेळाडू. आता जिंकायची सवय लागलेली होती, तेव्हा गरज वेगळी होती. आपल्याच अकादमीतून वर आलेल्या पोरांना ओळखणारा माणूस हवा होता. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भ अंतिम सामना खेळला आणि मुंबईकडून १६९ धावांनी हरला. कोच बदलला? नाही. घनीच राहिले. पुढच्याच वर्षी, २ मार्च २०२५ ला, जामठ्याला केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला. दानिश मालेवारने १५३ धावा केल्या. हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातले सर्वाधिक. गंमत म्हणजे केरळकडून खेळत होता तो आपला जुना आदित्य सरवटे. आणि २०१७ च्या त्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून शतक ठोकणारा ध्रुव शौरी आता विदर्भाकडून! खेळात माणसं अशी घरं बदलतात.

आता थोडं अमेरिकेत डोकावू. कारण तिथे कोच निवडणं हा एक वेगळा धंदाच आहे.

तिकडच्या मोठ्या कॉलेजांत फुटबॉल (त्यांचा फुटबॉल, हाताने चेंडू पळवायचा) आणि बास्केटबॉल बघायला इतकी गर्दी होते की काही कॉलेजांची स्टेडियम जामठ्याच्या दुप्पट मोठी आहेत. कॉलेजच्या खेळाचा सगळा कारभार बघणारा एक अधिकारी असतो, त्याला आपण क्रीडा संचालक म्हणू. कोच नेमायचं आणि काढायचं काम त्याचं. हुशार संचालक कोच चांगला चाललेला असतानाही टेबलाच्या खणात चार-पाच नावांची चिठ्ठी लिहून ठेवतो म्हणतात. आजचा कोच उद्या दुसऱ्या कॉलेजाने पळवला तर? मग धावपळ नको. कारण डिसेंबरच्या सुमारास शाळा संपवणारे खेळाडू कुठल्या कॉलेजात जायचं ते ठरवतात, आणि ते कोचकडे बघून ठरवतात. कोचची खुर्ची रिकामी तर मुलं दुसरीकडे!

उमेदवाराची पारख कशी करतात? किती सामने जिंकले हे तर बघतातच. पण मुलं शिकून पदवी घेतात का, नियम मोडल्याची काही जुनी प्रकरणं आहेत का, गावागावांत फिरून मुलं हेरता येतात का, हाताखालचे सहायक कोच त्याच्याबद्दल काय बोलतात, हेही बघतात. मग करार होतो, आणि करारातच लिहिलेलं असतं की मुदतीआधी काढलं तर किती पैसे द्यायचे. टेक्सास ए अँड एम नावाच्या विद्यापीठाने २०२३ च्या नोव्हेंबरात जिंबो फिशर या कोचला काढलं. त्याचा करार २०३१ पर्यंतचा होता. काढण्यापायी साडेसात कोटी डॉलरच्या वर द्यायची पाळी आली. आपल्या पैशात सहाशे कोटींहून जास्त! घरी बसायचे सहाशे कोटी! माझ्या मते हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे. एवढ्या पैशात किती शाळांना मैदानं मिळाली असती, याचा हिशेब तुम्हीच करा.

त्याच अमेरिकेतली ही दुसरी गोष्ट मात्र मला फार आवडते. १९४८ साल. जॉन वुडन नावाचे एक गृहस्थ, आधी शाळेत इंग्रजी शिकवायचे, बास्केटबॉलचे कोच झालेले. त्यांना दोन विद्यापीठांकडून बोलावणं होतं. मिनेसोटा आणि लॉस एंजेलिसचं यूसीएलए. मन होतं मिनेसोटाकडे. ठरलेल्या संध्याकाळी मिनेसोटाचा फोन आधी यायचा होता. पण तिकडे बर्फाचं वादळ झालं, फोनच्या तारा बंद पडल्या. वेळ टळली. तेवढ्यात यूसीएलएचा फोन आला आणि वुडन ‘हो’ म्हणाले. नंतर मिनेसोटाचा फोन लागला. पण आता शब्द देऊन झाला होता! वुडन लॉस एंजेलिसला गेले. दरवर्षी नव्या मुलांना पहिल्या दिवशी ते काय शिकवायचे माहीत आहे? मोजे कसे घालायचे! सुरकुती राहिली तर फोड येतो आणि फोड आला तर खेळ बंद. राष्ट्रीय अजिंक्यपद मिळालं ते १९६४ साली, म्हणजे सोळाव्या मोसमात. सोळा मोसम कुणी त्यांना काढलं नाही. त्यानंतरच्या अकरा वर्षांत आणखी नऊ. एकूण दहा!

आपल्या भारतीय संघाच्या कोचची एक मुलाखतही अशीच मजेदार झाली होती. २००७ साली दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी कर्स्टन यांना सुनील गावसकरांचा ई-मेल आला, तेव्हा कुणीतरी थट्टा करतंय असं त्यांना वाटलं. कोचिंगचा अनुभव शून्य! कर्स्टन यांनीच पुढे सांगितलं की मुलाखत सुरू होऊन सात मिनिटांत काम झालं. करार पुढे सरकवला तर त्यावर आधीच्या कोचचं, ग्रेग चॅपेल यांचं नाव! मग तिथल्या तिथे पेनाने ते खोडून कर्स्टन यांचं लिहिलं. याच कर्स्टन यांच्या हाताखाली २०११ चा विश्वचषक आपण जिंकला.

पण दरवेळी सात मिनिटांवर भरवसा कसा ठेवायचा? म्हणून आता क्रिकेट मंडळाची तीन माजी खेळाडूंची सल्लागार समिती असते. जाहिरात निघते, अर्ज येतात, मुलाखती होतात. संघाला पुढे कुठे नेणार, कसं नेणार, हे उमेदवाराने समितीपुढे मांडायचं. एकट्याने ठरवलं की ओळखीपाळखी आड येतात, तिघं असले की निदान एकमेकांना विचारावं लागतं. २०२३ मध्ये अशोक मल्होत्रा, जतीन परांजपे आणि सुलक्षणा नाईक यांच्या समितीने महिला संघासाठी नाव सुचवलं ते मुंबईच्या अमोल मुजुमदार यांचं. हेही आचरेकर सरांचेच विद्यार्थी. शाळेच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पॅड बांधून पुढच्या नंबराची वाट बघत बसलेला मुलगा तो हाच. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा केल्या, पण भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. स्वतः भारताकडून न खेळलेला माणूस भारताला काय शिकवणार, असं समितीला म्हणता आलं असतं. २०२५ च्या विश्वचषकात आपला संघ लागोपाठ तीन सामने हरला तेव्हा टीकाही झाली. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत त्याच मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक उचलला.

आता आपल्या घराजवळ या. आपल्या कॉलेजांतही खेळाचा एक अधिकारी असतो, शारीरिक शिक्षण संचालक. अमेरिकेतल्यासारखे कोटीचे करार त्याच्या हातात नसतात. बहुतेक ठिकाणी संघ निवडणारा तोच, सराव घेणारा तोच आणि चेंडूंची खरेदी करणाराही तोच. कोच व्हायचं शिक्षणही असतं बरं. पंजाबात पतियाळाला १९६१ साली सुरू झालेली राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, तिथे कोचिंगची पदविका मिळते. आणि आपल्या विदर्भात तर अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे! या मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं होतं.

आमच्या प्राथमिक शाळांत मात्र खेळाचे वेगळे शिक्षक सहसा नसतात. गणित शिकवणाऱ्या बाईच मैदानावर शिट्टी घेऊन उभ्या राहतात. म्हणून उन्हाळ्यात पालक मुलांना शिबिरात घालतात, आणि तिथे तुम्ही पालक म्हणजेच निवड समिती असता. फी किती आणि फोटो कुणाकुणाबरोबर, एवढंच विचारून नाव घालू नका. एका कोचमागे मुलं किती, कोचने शिक्षण कुठे घेतलं, मूल पडलं तर प्रथमोपचार कोण करणार, नवशिक्या मुलाला खेळायला मिळतं की नुसते चेंडू आणायला ठेवतात, हे विचारा. शक्य असेल तर एक दिवस कुंपणाबाहेर उभं राहून कोच हरलेल्या मुलाशी कसा बोलतो ते ऐका.

जाता जाता एक खेळ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत शारीरिक शिक्षण संचालकाच्या नोकरीसाठी शारीरिक शिक्षणाची मास्टर्स पदवी वगैरे सगळं आहेच, शिवाय धावण्याची परीक्षाही आहे. १२ मिनिटं पळायचं किंवा चालायचं. तिशीपर्यंतच्या पुरुषाला त्यात १८०० मीटर जावं लागतं, म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाच्या साडेचार फेऱ्या. चाळिशीपर्यंत १५०० मीटर. बायकांसाठी तिशीपर्यंत १००० आणि चाळिशीपर्यंत ८०० मीटर. येत्या रविवारी सकाळी ऊन तापायच्या आत आई-बाबांना मैदानावर न्या. घड्याळ तुमच्या हातात ठेवा. ज्यांना दम लागण्याचा त्रास असेल त्यांनी नुसतं चालायचं. किती फेऱ्या झाल्या ते वहीत लिहा, आणि नोकरी मिळाली की नाही ते तुम्हीच त्यांना सांगा!